कशेळीतली रथसप्तमी

माघ शुद्ध सप्तमी. राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावात झुंजूमुंजू होतंय. आमच्या यजमानांच्या घरी सगळ्यांची आंघोळीची लगबग चालली आहे. डोक्यावर रुईची सात पानं ठेवायची आणि वरून कढत पाण्याचा तांब्या ओतून घ्यायचा, अशी आजची आंघोळ. रुई सूर्याची, म्हणून आज मान तिचा. एरवी बांधावरच्या या झाडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

खळं कालच सारवून ठेवलंय. तुळशीसमोर घरची सून रांगोळीने एकचाकी रथ काढते आहे. घोडे सातच हवेत, म्हणून धाकटी नात बोटावर मोजून खात्री करून घेते. पाटावर रक्तचंदनाने सूर्याचं बिंब रेखलेलं आहे. बाजूला ताम्हन, अक्षता, तांबडी जास्वंद आणि तांब्याचा कलश.

आजी शेणी रचतात. मधे चुडताचा पेटता तुकडा सरकवतात, धूर डोळ्यांत जातो, मग जाळ धरतो. हळदीकुंकवाची बोटं ओढलेलं मातीचं बोळकं त्यावर चढतं. आत गाईचं दूध. आता सगळ्यांचे डोळे एकदा बोळक्याकडे, एकदा पूर्वेच्या डोंगराकडे.

"आजी, कुठल्या बाजूला जाईल गं?"

"जाईल तिकडे जाऊ दे. तू शेणी ढोसू नकोस."

दुधावर पातळ साय धरते. कडेला बारीक बुडबुडे जमतात, साय सुरकुतते, मधोमध फुगते. एरवी दूध उतू गेलं की घरात केवढी ओरड होते! आज सगळं घर त्याचीच वाट बघत उभं आहे. आंब्याच्या मोहोरामागून तांबडी कड वर येते आणि त्याच सुमारास दूध काठ ओलांडतं. पूर्वेच्या अंगाने ओघळ खाली उतरतो, निखाऱ्यावर चर्र होतं, करपल्या दुधाचा वास खळंभर पसरतो. आजी हात जोडतात. जे आपल्यापाशी आहे ते भरून वाहू दे, एवढंच मागणं.

यजमान कलशातलं पाणी ताम्हनात सोडत अर्घ्य देतात. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं एकेक करून उच्चारली जातात. उरल्या दुधात तांदूळ शिजतात आणि त्या खिरीचा नैवेद्य होतो. संक्रांतीपासून चाललेली हळदीकुंकवं आज संपणार, म्हणून सून राहिलेलं वाण काढून ठेवते.

उन्हं चढतात तशी पावलं कनकादित्याच्या देवळाकडे वळतात. कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी हे एक. शिलाहार राजा दुसरा भोज याने शके 1113 मध्ये, म्हणजे इ.स. 1191 साली, कशेळीचं दान दिल्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. मूर्ती प्रभासपट्टणहून गलबतातून आली, किनाऱ्यावरच्या देवघळीत राहिली आणि कनका नावाच्या भाविक स्त्रीला दृष्टांत झाला, ही कथा इथलं पोरसुद्धा सांगतं. उत्सव आजपासून एकादशीपर्यंत. कालिकावाडीची कालिकादेवीही या उत्सवाला येते. मंडपात मुंबई-पुण्याहून आलेल्या चाकरमान्यांची गर्दी आहे. लाकडी खांबाशी टेकून म्हातारी माणसं ओळखीचे चेहरे शोधताहेत.

देवळाला आठशे वर्षांचा आधार आहे, पण खळ्यातल्या पूजेला ना मूर्ती लागली, ना भटजी, ना मोठा खर्च. चार शेणी, पेलाभर दूध आणि वेळेवर उठलेली माणसं, एवढ्यावर ती पार पडली. देव तर रोज आपणहून दारात येतो. गावातलं खळं तुमच्या नशिबी नसेल, तर गच्ची आहे, पूर्वेची खिडकी आहे. येत्या रथसप्तमीला घरातल्या मुलांना सूर्योदयाआधी उठवा, त्यांच्या हातून अर्घ्य द्या आणि दूध उतू जाताना त्यांना पोटभर बघू द्या.