मेलेला स्नायू, चालतं हृदय

१७ जानेवारी २०२५ च्या रात्री हैदराबाद मेट्रोने एक दान केलेलं हृदय एल. बी. नगरहून लकडी का पूलला पोचवलं. १३ किलोमीटर, १३ मिनिटांत. थंड पेटीत हृदय साधारण चार तास तग धरतं. छातीच्या उबेत मात्र हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, म्हणजे झटका आला, तर रक्ताविना राहिलेल्या भागाचं आकुंचन मिनिटभरात थांबतं आणि वीस ते चाळीस मिनिटांत पेशी मरू लागतात. गारठ्यात पेशीची भूक मंदावते, उबेत ती मंदावत नाही.

मरण आतून बाहेर पसरतं. आतल्या अस्तरालगतचा थर आधी जातो, बाहेरचा काही तास टिकतो. अँजिओप्लास्टीची सगळी धावपळ त्या बाहेरच्या थरासाठी असते.

पुढचं काम तर थक्क करणारं. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग तिसऱ्या दिवसापासून मॅक्रोफेज, आणि ते मेलेले तंतू अक्षरशः खाऊन टाकतात. जुनं उचललं गेलंय, नवं अजून उभं राहिलेलं नाही, अशा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत भिंत सर्वांत मऊ असते, क्वचित फाटतेही. मोडलेला हात प्लास्टरमध्ये स्वस्थ ठेवता येतो. इथली दुरुस्ती मात्र दिवसाला लाखभर ठोके सोसत चालते!

दहाव्या दिवसाच्या सुमारास कडेकडेने नव्या केशवाहिन्या शिरतात, कोलॅजेनचे धागे विणले जातात आणि दोनेक महिन्यांत पांढरट, चिवट व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही, पण भिंत धरून ठेवतो. त्याला नुसतं नुकसान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. किंमत मोजतो तो उरलेला स्नायू. जादा भाराने तो वर्षानुवर्षं ताणत जातो, हृदय मोठं आणि गोलसर होतं. बीटा ब्लॉकर, एसीई इन्हिबिटर ही औषधं त्याच बदलाला आवर घालतात. बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

झेब्राफिशच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो पुन्हा वाढतो. माणसाचं काय? २००९ मध्ये स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ चा माग हृदयपेशींच्या डीएनएमध्ये काढला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्याने येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. मोठ्या झटक्यात काही तासांत शंभर कोटी पेशी जाऊ शकतात. या संथ नवनिर्मितीला वेग कसा द्यायचा, हाच शोध आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.