पत नसलेल्याचें लहान कर्ज

विहीर कशी बांधावी, ट्रॅक्टरसाठीं कर्ज कसें उचलावें, ठिबकाचें अनुदान कोठें मागावें, ह्या विषयांवर शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. दहा, वीस किंवा तीस हजारांच्या लहान कर्जाविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. वास्तविक कुटुंबाची तारांबळ उडते ती बहुधा ह्याच रकमेपायीं. आईच्या डोळ्याचें ऑपरेशन, मुलाच्या वसतिगृहाची फी, ऐन पावसाळ्यांत मेलेली म्हैस, मृगांत पेरलेलें उगवलें नाहीं म्हणून पुन्हां घ्यावें लागणारें बियाणें, हीं कामें थांबत नाहींत. ज्याचा बँकेशीं पूर्वीपासून व्यवहार आहे तो तीं निभावून नेतो. ज्यानें आजवर कोणत्याच बँकेचें कर्ज घेतलेलें नाहीं आणि ज्याच्या उत्पन्नाचा कागदोपत्रीं पुरावा नाहीं, तो गांवांतल्या गांवांत शेंकडा पांच रुपये महिन्यानें पैसे आणतो. शेंकडा पांच हें ऐकावयास लहान वाटतें. २०,००० रुपयांवर तें महिन्यास १,००० व वर्षास १२,००० रुपये होतें, आणि मुद्दल जागच्या जागीं राहतें.

अशा मनुष्याची अडचण मोठी चमत्कारिक आहे. त्यानें कोणाचें बुडविलेलें नसतें. परंतु बँकेंत गेला कीं त्याला ‘सिबिल’ विचारतात. ज्यानें कधीं कर्जच घेतलें नाहीं त्याचें सिबिल असणार कोठून? आमच्याकडे बोलण्यांत हा शब्द सरसकट रूढ झाला असला, तरी सिबिल हें पतमाहिती ठेवणाऱ्या एका कंपनीचें नांव आहे. २००५ च्या कायद्याखालीं चालणाऱ्या अशा चार कंपन्या देशांत आहेत. कर्जदारानें हप्ते वेळेवर भरले कीं नाहीं ह्याच्या नोंदींवरून त्या ३०० पासून ९०० पर्यंत एक आंकडा काढतात. नोंदच नसेल तर आंकडा निघत नाहीं, आणि अहवालांत उणें एक किंवा तत्सम खूण येते. ही खूण वाईट पतीची नव्हे. ती कोऱ्या पाटीची आहे. पुष्कळ अर्जदार ती पाहून हिरमुसतात, आणि कांहीं शाखांतून कारकूनही तिचा भलताच अर्थ लावतात. म्हणून वाचकांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. पहिल्यानेंच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्याला पूर्वीच्या कर्जाचा इतिहास नाहीं एवढ्याच कारणानें फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांस सांगितलें आहे. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अर्थखात्यानें संसदेंतही त्याचा उच्चार केला. ह्याचा अर्थ बँकेनें कर्ज दिलेंच पाहिजे असा नाहीं. फेडण्याची ऐपत ती पाहणारच. पण ‘सिबिल नाहीं, परत जा’ एवढें उत्तर पुरेसें होत नाहीं.

पत म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या दख्खनेंत नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी लोकांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली ती मुख्यतः कर्जरोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यासाठीं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकऱ्यांचा कायदा आला, १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं सरकारी तगाईची व्यवस्था झाली, आणि १९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्या शेवटच्या कायद्यामागची कल्पना जर्मनींतील रायफायझेन ह्याच्या खेडेगांवांतील पेढ्यांवरून घेतलेली होती, व ती अगदीं साधी होती. गरिबाजवळ तारण नसतें, पण त्याचें वागणें शेजाऱ्यांस ठाऊक असतें. तेव्हां शेजाऱ्यांनींच एकत्र येऊन एकमेकांच्या भरंवशावर पैसा उभा करावा. आज संगणकांतून निघणारा आंकडा जें काम करतो तेंच काम तेव्हां पंचांची माहिती करीत असे. विकास सोसायट्यांचे पुढें काय झालें, राजकारण त्यांत किती शिरलें, हा निराळा विषय आहे. त्यावर येथें लिहूं गेल्यास पानें पुरणार नाहींत. परंतु कोऱ्या पाटीच्या मनुष्यास पहिलें दार अजूनही बहुधा तेंच आहे.

ज्याच्या नांवें थोडीही जमीन आहे त्यानें लहान कर्जासाठीं वेगळ्या ‘वैयक्तिक कर्जा’च्या मागें लागण्यापूर्वीं किसान क्रेडिट कार्ड काढावें. ही योजना १९९८ पासून चालू आहे, तरी तींतली एक सोय पुष्कळांस माहीत नसते. पिकाच्या ठरलेल्या दरानें जी पीककर्जाची मर्यादा बसते तीवर काढणीनंतरच्या व घरगुती खर्चासाठीं १० टक्के, आणि अवजारें वगैरेंच्या देखभालीसाठीं २० टक्के रक्कम अधिक धरली जाते. समजा, एखाद्याच्या दीड एकराची पीकमर्यादा ५०,००० रुपये बसली, तर घरखर्चाचे ५,००० व दुरुस्तीचे १०,००० धरून ती ६५,००० होते. पीकविम्याचा हप्ता त्याहून निराळा. ऑपरेशन किंवा फी ह्यांची गरज संपूर्ण भागेल असें नाहीं, पण सावकाराकडून आणावयाची रक्कम निम्म्यानें कमी होईल. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण किंवा गहाण घेऊं नये असा नियम आहे. पूर्वीं ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. तीन लाखांच्या आंतील पीककर्जास ७ टक्के व्याज, आणि मुदतींत फेडल्यास त्यांत ३ टक्क्यांची सूट, अशी केंद्राची व्यवस्था २०२५-२६ सालींही पुढें चालविली गेली. मुदतींत फेडणाऱ्यास व्याजांत आणखी सवलत देणारी डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना महाराष्ट्रांत आहे. मुदत एक दिवसानें चुकली तरी ही सूट जाते. म्हणून आम्ही वारंवार सांगतों कीं, कर्ज फेडण्यास चार दिवस हातउसने घ्यावे लागले तरी चालतील, पण तारीख सांभाळावी. हातउसने घेतांना मात्र ते कोणाकडून घेतों हें पाहावें.

अर्जाबरोबर सातबारा, आठ अ, आधार, पॅन व इतर संस्थांचा बेबाकी दाखला लागतो. उत्पन्नाचा पुरावा नाहीं असें म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांजवळ तो असतो, फक्त तो गोळा केलेला नसतो. दूधसंघाची दहा दिवसांची पावती, साखर कारखान्याचें बिल, बाजार समितींतील अडत्याची पट्टी, वीजबिलाच्या पावत्या, हें सर्व एका पिशवींत वर्षभर ठेवलें तर शाखाधिकाऱ्यापुढें बोलतांना जीभ अडखळत नाहीं. दुधाचे पैसे रोख न घेतां खात्यावर घ्यावे. एक वर्ष खात्यांत पैसे येतांजातांना दिसले कीं तोच एक प्रकारचा इतिहास होतो.

ज्याच्या नांवें जमीन नाहीं त्याचें काय? आमचे वाचक बहुतेक जमीनदार शेतकरी आहेत, म्हणून हें थोडें स्पष्टच लिहितों. आपल्यापैकीं अनेकांची जमीन दुसरा कोणीतरी बटाईनें किंवा खंडानें करतो. सातबाऱ्यावर नांव आपलें, पीककर्जही आपल्या नांवें. खत-बियाणें मात्र तो दुकानदाराकडून उधार आणतो, आणि त्या उधारीचें व्याज मालाच्या किंमतींत मिसळलेलें असतें. बटाई लेखी करून देण्यास मालक भितात. १९४८ च्या कूळकायद्याची व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची आठवण घराघरांत आहे, आणि ती भीति निव्वळ खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तिचा भार जो उचलतो तो बोलत नाहीं. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेंत बटाईदार, तोंडी खंडकरी व त्यांचे गट ह्यांचा समावेश आहे. चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट केला तर जमिनीच्या कागदाऐवजीं एकमेकांची हमी पुढें ठेवतां येते. मालकानें गटाच्या बाजूनें बँकेंत जाऊन ‘हा मनुष्य इतकीं वर्षें शेत करतो’ एवढें सांगितलें तरी त्याचा उपयोग होतो. लेखी कांहीं द्यावयाचें झाल्यास वकिलास दाखवून द्यावें.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. नवरा वारला, वारसनोंद झाली नाहीं, दीर हिस्सा दाखवीत नाहीं, अशा बाईस बँक काय करणार? तिच्यासाठीं बचतगट हा खरोखर पक्का मार्ग आहे. नाबार्डनें १९९२ मध्यें बचतगट बँकेशीं जोडण्यास आरंभ केला. नियमानें बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड व हिशेब हीं पांच सूत्रें सहा महिने पाळणाऱ्या गटास बँकेकडे जातां येतें. ‘उमेद’च्या महिला गटांस तीन लाखांपर्यंतचें कर्ज ७ टक्क्यांनीं मिळण्याची व्यवस्था आहे. गटांतील प्रत्येक सभासदाची नोंद पतमाहिती कंपन्यांस कळवावी अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१६ पासून आहे. म्हणजे गटांतून घेतलेले पांच हजार वेळेवर फेडणारी बाई स्वतःच्या नांवानें पत मिळवीत असते. वारसनोंदीचें काम मात्र त्यामुळें मागें टाकूं नये.

घरपोंच कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्या आतां बहुतेक तालुक्यांत पोंचल्या आहेत. त्यांचें कर्ज लवकर मिळतें, तारण लागत नाहीं, आणि कोऱ्या पाटीचें त्यांना भय नसतें. व्याज मात्र सोसायटीच्या कितीतरी पट असतें. २०२२ च्या नियमांप्रमाणें वर्षास तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जातां कामा नयेत. निम्मे हीही फार वरची मर्यादा झाली. ज्याच्या घरांत पैसा सुगीला येतो त्यास दर आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता झेपत नाहीं. मग पहिल्या कंपनीचा हप्ता भरण्यास दुसरीचें कर्ज येतें. कर्ज घेतांना फेडीची तारीख आपल्या पैशाच्या तारखेशीं जुळते कीं नाहीं, हें व्याजाच्या दराहूनही आधीं पाहावें.

दराविषयींही एक खोंच आहे. ‘सरळ १२ टक्के’ असें सांगून २०,००० रुपये दिले, वर्षाचे २,४०० व्याज मिळविलें, आणि २२,४०० चे बारा सारखे हप्ते केले, तर हप्ता सुमारें १,८६७ रुपये येतो. सहा महिन्यांनंतर निम्मे मुद्दल फिटलेलें असतें, व्याज मात्र सबंध वीस हजारांवर चालूच असतें. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हा दर १२ नसून साडेएकवीसच्या घरांत जातो. प्रत्येक लहान कर्जदारास सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हें सांगणारा मुख्य तथ्यांचा कागद देणें १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तकंपन्यांवर बंधनकारक आहे. तो मराठींत मागावा व सही करण्यापूर्वीं घरीं आणून वाचावा. मोबाइलवरील कर्जाच्या ॲपनें फोनमधील नांवांची यादी पाहण्याची परवानगी मागितली, तर तें तेथेंच काढून टाकावें. नियमांत राहणाऱ्या ॲपला ती मागतांच येत नाहीं.

सावकाराकडे जावेंच लागलें तर परवाना असलेल्याकडे जावें. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, आणि त्याखालीं शेतकऱ्यास तारणी कर्जावर ९ व विनातारण कर्जावर १२ टक्के वार्षिक दर ठरविलेला आहे. वर सांगितलेलें शेंकडा पांच वर्षाचे ६० टक्के होतात. तेव्हां तें कायदेशीर आहे कीं काय, हें वाचकांनींच ठरवावें. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करतां येते. घरांत सोनें असेल तर तें विकण्यापेक्षां बँकेंत तारण ठेवणें बरें. तेथें पतीचा प्रश्न फारसा येत नाहीं आणि फेडीची नोंदही होते.

जामीनकीविषयीं दोन शब्द. अशा कर्जास बँक पुष्कळदां जामीनदार मागते, आणि ती मागणी आमच्या वाचकांकडे येते. जामीन राहणें म्हणजे शेजारधर्माची सही नव्हे. कर्जदारानें हप्ता चुकविला तर त्याची छाया जामीनदाराच्या पत-अहवालावरही पडते. म्हणून सही करण्यापूर्वीं रक्कम, मुदत व हप्त्याची तारीख वहींत टिपून घ्यावी, आणि तारखेच्या आठ दिवस आधीं कर्जदारास स्वतः विचारावें. त्याला राग येणार नाहीं. आला तरी हरकत नाहीं.

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. जूनच्या धांदलींत न मागतां तो दिवाळीनंतर मागावा. सोसायटीचें फेडलेलें कर्ज त्यांत उमटलें आहे असें गृहीत धरूं नये. दुसऱ्याचें थकलेलें कर्ज आपल्या नांवावर चढल्याचें आढळलें तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत ती निकालांत निघाली नाहीं तर पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. आणि कर्जाचा अर्ज देतांना त्याची पोंच घ्यावी, नकार मिळाला तर कारण लेखी मागावें. लहान कर्ज नाकारण्याचें कारण अर्जदारास लेखी कळवावें हा रिझर्व्ह बँकेचा बँकांस जुना दंडक आहे. तें कारण हातीं आलें म्हणजे पुढच्या वेळीं कोणता कागद जोडावयाचा हेंही कळतें.