बेड्यांमधून आलेलं आनंदाचं पत्र

चार अध्याय, १०४ वचनं. निवांत वाचायला बसलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपणारं पत्र. पण एवढ्याशा मजकुरात आनंदाचा उल्लेख सुमारे १६ वेळा येतो. आणि लिहिणारा कुठे आहे? कैदेत. खटल्याचा निकाल लागायचा आहे. सुटका होईल की देहदंड, हे त्यालाही ठाऊक नाही. बायबलच्या नव्या करारातलं ‘फिलिप्पैकरांस पत्र’ ते हेच. पहिल्या शतकात प्रेषित पौलाने ते लिहिलं.

ही कैद कुठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी रोम म्हणतं, कुणी इफिस, कुणी कैसरिया. एक मात्र नक्की. रोमन अमलात कैद हीच शिक्षा असं सहसा नसे. निकाल लागेपर्यंत माणसाला डांबून ठेवत. त्याच्या खाण्यापिण्याची काळजी बऱ्याचदा बाहेरच्या आप्तांनीच घ्यायची. म्हणून फिलिप्पै इथल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पौलाला मदत पाठवली. तो पोचला, पण इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. बरा झाल्यावर पौलाने त्याला परत धाडलं. आज जगभर वाचलं जाणारं हे पत्र एका अर्थी त्या मदतीची पोच आहे.

फिलिप्पै हे उत्तर ग्रीसमधलं शहर, आजच्या कावालाजवळ. त्याचे अवशेष २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. इथल्या लोकांना पौल कैदेत आनंदाच्या गोष्टी करतो याचं नवल वाटलं नसणार, कारण त्यांनी ते आधी पाहिलं होतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ती हकिकत आहे. याच शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी फोडून काढलं, आतल्या कोठडीत टाकलं आणि पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री दोघं प्रार्थना करत, स्तोत्रं गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून बंदिशाळेचा नाईक स्वतःच्या जिवावर उठला, तेव्हा पौलाने ओरडून त्याला थांबवलं. त्याच रात्री त्या नाइकाने दोघांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन त्यांना जेवू घातलं.

लोकांच्या लक्षात राहतो तो भूकंप. पण क्रम नीट पाहा: गाणं आधी, भूकंप नंतर. दारं उघडतील याची काहीही खूण नसताना ते गात होते.

हा आनंद दुःख झाकून ठेवत नाही, हे त्याहून विलक्षण. पौल सांगतो की एपफ्रदीत दगावला असता तर माझ्या दुःखात आणखी दुःखाची भर पडली असती. एके ठिकाणी तो रडत लिहीत असल्याचं सांगतो. काहीजण मला डिवचायलाच उपदेश करत फिरतात, हेही तो लपवत नाही. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलंय, तर त्यांची नावं घेऊन समेटाची विनवणी करतो. एकाच कागदावर भांडण, आजारपण, आसवं आणि आनंद.

हे जमतं कसं? उत्तर दुसऱ्या अध्यायात आहे. तिथल्या काही ओळी पौलाच्याही आधीपासून मंडळी गात असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. आशय असा की ख्रिस्ताने देवपणाचा मान धरून ठेवला नाही. तो दास झाला आणि क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली उतरला. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांची आणि नागरिकत्वाचा अभिमान मिरवणाऱ्यांची. क्रूस म्हणजे गुलामांची, बंडखोरांची, लाजिरवाणी शिक्षा. देवच तिथवर उतरला असेल, तर दुःखाचा असा कुठलाच तळ उरत नाही जिथे तो भेटणार नाही. पौलाच्या आनंदाचं मूळ हे आहे, म्हणून तो निकालावर अवलंबून नाही.

तरी हा आनंद आपोआप आलेला नाही. भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितींत राहायला मी शिकलो, असं तो चौथ्या अध्यायात सांगतो. गवयाचा सूर रियाजाने पक्का होतो तसंच हे. तो रियाज कसला, तेही पत्रात आहे: मागणं मागताना आभार मानणं, जे चांगलं आणि खरं आहे त्यावर मन ठेवणं, माणसांना धरून राहणं.

असा आनंद शिकायला किती काळ लागतो, ते महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला आणि लग्नाला दोन वर्षं होण्याआधी पतीही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती धर्म सापडला तरी खुद्द ख्रिस्त भेटला तो पुढे आठएक वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १९०७ च्या त्या आत्मकथनाच्या शीर्षकात त्यांनी श्रद्धेला कधी न सरणारं भांडार म्हटलंय. १८९६-९७ च्या दुष्काळात, ज्या भुकेने त्यांचं घर गिळलं होतं तिच्यातून त्यांनी मध्य प्रांतातल्या शेकडो मुली-बायका बाहेर काढल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यात हे पत्रही आलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

अशा आनंदावर रास्त शंका घेता येते: ही स्वतःची समजूत तर नव्हे? नुसत्या समजुतीने माणूस स्वतःपुरता निवांत होतो. पौल मात्र कोठडीतून दोन भांडणाऱ्या बायकांची चिंता करतो, आणि रमाबाई दुष्काळी मुलुखात जाऊन परक्यांच्या लेकी घरी आणतात. स्वतःच्या दुःखाशी झुंजताना दुसऱ्याच्या दुःखासाठी ताकद कुठून येते, असं दोघांना विचारलं असतं, तर दोघांनी एकच नाव घेतलं असतं.