खाऱ्या पाण्याची टाकी लहान करतांना

मराठवाड्यास समुद्र नाहीं. म्हणून नांदेड-लातुराकडे प्रवाळ व समुद्रांतील मासे पाळावयाचे म्हणजे गोड्या पाण्यांत मीठ कालवून समुद्र घरींच करावा लागतो. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरांस १४ किलो मीठ! शिवाय तें पाणी शुद्ध करून घेतांना पुष्कळसें वाहूनहि जातें. ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें मोठी टाकी आटोपती घेणें शहाणपणाचेंच होय.

परंतु लहान टाकी सोपी, हा समज खोटा आहे. थोडें पाणी लवकर तापतें. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें आणि खारटपणा वाढतो. ही तूट गोड्या पाण्यानेंच भरावी.

टाकीची खरी गाळणी यंत्रांत नसून दगडांच्या छिद्रांत असते. तेथील सूक्ष्म जंतु माशांच्या मलापासून होणारा विषारी अमोनिया पचवितात. म्हणून दगड ओलेच हलवावे. जुनी वाळू ढवळूं नये. तिच्यांतील मळ पाणी नासवितो. नवी टाकी स्थिरावल्यावरच जुने पंप, दिवे व कांच विकावी.

खडक रचणारें प्रवाळ मात्र विकूं नये. वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण असून त्याचा व्यापार गुन्हा आहे. मासे गोदावरींत वा मांजरेंत सोडणें ही दया नव्हे. गोड्या पाण्यांत ते मरतात. ते जाणत्या पाळणाऱ्याकडेच सोंपवावे. यंत्रास गिऱ्हाईक मिळतें. जिवास आसरा शोधावा लागतो.