हॅम्पस्टेडचे कीट्सगृह : एक पाठचिकित्सा

लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील ‘कीट्स हाउस’ आज एकच प्रशस्त घर भासते. कीट्सच्या काळी मात्र एका छपराखाली दोन बिऱ्हाडे होती. वास्तूचे मूळ नाव ‘वेंटवर्थ प्लेस’. तिच्या एका भागात कीट्स डिसेंबर १८१८ पासून चार्ल्स ब्राउनसह राहू लागला. दुसऱ्या भागातून डिल्क कुटुंब गेल्यावर एप्रिल १८१९ मध्ये फॅनी ब्रॉनचे कुटुंब तेथे आले. पुढे एलायझा चेस्टर या अभिनेत्रीने दोन्ही घरे एक करून नवा दिवाणखाना जोडला. म्हणजे कवी व त्याची प्रेयसी यांच्यामध्ये जी भिंत उभी होती, ती आजचा प्रेक्षक नकळत ओलांडतो. पोथीतील प्रक्षेप बाजूस सारावा, तसा हा दिवाणखाना मनातून वगळूनच घर वाचले पाहिजे.

बागेचे प्रकरण अधिक नाजूक आहे. नाइटिंगेल पक्ष्यावरील कविता १८१९ च्या वसंतात येथील प्लमच्या झाडाखाली लिहिली गेली, ही हकीकत ब्राउनची. ती त्याने १८३६ मध्ये, सतरा वर्षांनंतर, सांगितली. कागदाचे चारपाच तुकडे आपण जुळविले, असे तो म्हणतो. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील कवीचे हस्तलिखित दोनच कागदांवर आहे. डिल्कलाही ती हकीकत मान्य नव्हती. एवढ्याने ती त्याज्य ठरत नाही; संख्येबाबत दगा देणारी स्मृती स्थळाबाबत पुष्कळदा खरी असते. परंतु १९२५ पासून सर्वांस खुल्या असलेल्या या बागेतील आजचे प्लमचे झाड मागाहून लावलेले आहे, आणि त्याची साक्ष काढता येत नाही.