जुन्या पलटी नांगराची दुरुस्ती आणि रंगकाम : सांगाड्याला रंग, प्लेटला नाही

मे महिन्याच्या शेवटी नांगरट संपते तेव्हा पलटी नांगराची प्लेट आरशासारखी चकाकत असते. मग नांगर ट्रॅक्टरवरून सोडून बांधाला किंवा गोठ्यामागे उभा केला जातो, मृगाचा पाऊस येतो आणि पेरणीच्या धावपळीत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पोळ्यापर्यंत त्याच प्लेटवर तांबड्या गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाल्यावर नांगर जोडला, की माती पलटण्याऐवजी प्लेटला चिकटून बसते, ट्रॅक्टर दम टाकतो आणि "नांगर म्हातारा झाला, आता नवा घ्या" असा सल्ला मिळतो.

बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. पलटी नांगराचा सांगाडा नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. झिजतात ते फाळ, कडेच्या पट्ट्या, बोल्ट, पिना आणि बुश. हे सगळे भाग सुटे मिळतात. नव्या नांगरावर मोठा खर्च करण्याआधी जुन्याला चार-पाच दिवस द्या.

काळ्या जमिनीत गंज महाग का पडतो

चिखली, मेहकरच्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. थोडी ओल असली तरी ही माती खरबरीत लोखंडाला धरते. एकदा मातीचा थर बसला, की पुढची माती लोखंडावरून सरकत नाही, मातीवरून सरकते. गुळगुळीत पोलादापेक्षा हे घर्षण बरेच जास्त असते. चाके घसरतात आणि डिझेल जळते. तास पूर्ण उलटत नाही, त्यामुळे सोयाबीनचे धसकट अर्धवट गाडले जाते आणि जमिनीतले बोंडअळीचे कोष उन्हाला उघडे पडत नाहीत. ज्यासाठी उन्हाळी नांगरट करायची, तेच काम होत नाही.

सोयाबीनच्या शेतात खोल नांगरट दर तीन वर्षांतून एकदा पुरते, अशी शिफारस आहे. ती पाळणाऱ्याचा नांगर चालतो कमी आणि उभा जास्त राहतो. म्हणजे त्याचा खरा शत्रू झीज नसून गंज आहे.

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. नांगर बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुऊन तसाच ठेवू नका. पाणी वाळते, पण मीठ सांध्यांत आणि बोल्टच्या डोक्याखाली राहते आणि हवेतली ओल धरून लोखंड खात राहते. नांगर कोरडाच खरवडून ब्रशने साफ करा. धुवायचाच असेल तर गोडे पाणी वापरा आणि लगेच उन्हात वाळवा.

आधी तपासणी, मग खर्च

नांगर लिफ्टवर उचलून त्याच्याखाली कधीही हात घालू नका. लिव्हरला चुकून धक्का लागला किंवा होज फुटली, तर सावरायला वेळ मिळत नाही. नांगर सपाट फरशीवर टेकवा, लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून होजमधला दाब सोडा. तेल गळते का हे पाहताना होजवरून बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून दाबाने येणारे तेल कातडी फोडून आत शिरते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

सगळ्यात आधी सांगाडा पाहा. ट्रॅक्टरला जोडणाऱ्या भागाच्या आणि पलटी मारणाऱ्या शाफ्टजवळच्या वेल्डिंगवरचा रंग खरवडून काढा. तिथे रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा, पुसून कोरडे करा, खडूची पूड भुरभुरा आणि हातोडीने हलके ठोका. तडा असेल तर आत गेलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. लहान तडा चांगल्या वेल्डरकडून खाच पाडून, खोलवर भरून घेता येतो. मुख्य बीमच वाकला असेल किंवा एकाच जागी दुसऱ्यांदा तडा गेला असेल, तर मात्र पैसे घालू नका.

वापरलेला नांगर विकत घेतानाही हीच परीक्षा करा. एका शेतकऱ्याने ताज्या लाल रंगाचा नांगर हौसेने आणला होता. पहिल्याच दिवशी त्याचा पाय सांध्यातून तुटला, तेव्हा रंगाखाली जुना तडा सापडला. ताजा रंग दिसला की मी तरी आधी खरवडूनच पाहतो.

त्यानंतर एका बाजूच्या फाळांची टोके दोरी लावून मोजा, मग पलटी मारून दुसऱ्या बाजूची. मापे जुळली नाहीत तर एखादा पाय वाकला आहे, असे समजा. फाळाच्या टोकामागे खालून सरळ पट्टी धरली, तर मध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट दिसायला हवी. या फटीमुळेच नांगर जमिनीत ओढला जातो. फाळ झिजून फट गेली, की नांगर वर वर चालतो. मग लोक टॉप लिंक आवळतात, म्हणजे पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ. नाहीतर वर दगड ठेवतात. काही ठिकाणी माणूसही बसवतात, आणि हा प्रकार जिवावर बेतू शकतो. फाळ बदलणे हाच उपाय आहे.

तासाच्या भिंतीला घासत जाणाऱ्या कडेच्या पट्टीला लँडसाइड म्हणतात. ती झिजली की नांगर आणि त्याच्यासोबत ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. ही पट्टी स्वस्त असते, म्हणूनच बहुधा तिच्याकडे दुर्लक्ष होते.

फाळ आणि बोल्ट

लाकडी नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून आणायची आपली जुनी पद्धत. पलटी नांगराचे फाळ आणि प्लेटा मात्र पाणी दिलेल्या कडक पोलादाच्या असतात. त्या भट्टीत लाल केल्या किंवा गॅसने तापवल्या तर कडकपणा जातो आणि थोड्याच एकरांत धार संपते. फाळावर हार्डफेसिंग रॉडचा पातळ थर देता येतो, पण तो फाळ नवा असताना आणि एकाच बाजूने द्यावा. म्हणजे दुसरी बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते. पार झिजलेल्या फाळावर रॉड जाळणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्लेटचे बोल्ट सपाट डोक्याचे, चौकोनी मानेचे आणि हाय टेन्साइलचेच घ्या. साधा बोल्ट डोके वर ठेवतो आणि माती चिकटायला तिथूनच सुरुवात होते.

गंज काढणे

प्लेटवर रॉकेल किंवा डिझेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी वायर ब्रशने पापुद्रे काढा, मग ग्राइंडरला ८० नंबरची फ्लॅप डिस्क लावून, माती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवा. चष्मा घालायला विसरू नका. ग्राइंडर एका जागी दाबून धरू नका, खड्डा पडतो किंवा प्लेट तापून निळी होते. गंजाचे सगळे खड्डे घालवायच्या नादात प्लेट पातळ करण्याचीही गरज नाही. उरलेली चकाकी मातीच देते. गावात भरड, मुरमाड रान असेल तर पहिले दोन-तीन तास तिथे नांगर चालवा आणि मगच काळ्या रानात न्या.

रंग कुठे, कुठे नाही

वर्कशॉपमध्ये नांगर दिला की बहुधा स्प्रेने फाळापासून टॉप लिंकपर्यंत सगळे एकाच रंगात रंगवून मिळते. दिसायला छान, पण प्लेटवरच्या रंगाला काळी माती चिकटते. नव्या नांगरावरही कंपनीचा रंग असेल तर तो आधी घासून काढा. प्लेट, फाळ, लँडसाइड, पिना, सिलिंडरचा दांडा, ग्रीस निप्पल आणि होजची जोडणी यांना रंग लागता कामा नये. रंगवण्याआधी त्यांना कागदी टेप लावा. क्रमांकाची पट्टीही झाका. कर्ज, अनुदान किंवा विक्रीच्या वेळी तो क्रमांक लागतो.

सांगाडा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, ग्रीसचे डाग थिनरने पुसा. मग रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि तो पूर्ण वाळल्यावर सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात द्या. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात टिकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या लोखंडावर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि पुढे पोपडे निघतात. सकाळी लवकर, सावलीत रंगवा. पावसाळी हवेत रंगकाम काढू नका.

पावसाळ्यात ठेवताना

शेवटचे तास संपले त्याच संध्याकाळी, प्लेट चकाकत असतानाच, माती खरवडून प्लेट, फाळ आणि लँडसाइडला ग्रीसचा थर द्या. ग्रीस नसेल तर जळके ऑइल चालते, पण हातमोजे घाला आणि विहिरीजवळ सांडू देऊ नका. सगळ्या निप्पलांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. सिलिंडरचा दांडा शक्य तितका आत घ्या आणि बाहेर राहणाऱ्या भागाला ग्रीस लावा. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले की ते ऑइल सील कापतात. होजच्या तोंडांना टोपणे लावा. टोपणे हरवली असतील तर निदान प्लॅस्टिक गुंडाळून घट्ट बांधा.

नांगर शेडमध्ये, विटांवर किंवा फळ्यांवर टेकवा. फाळ मातीत रुतलेले नकोत. शेजारी खताच्या गोण्या नकोत आणि जनावरांचे मूत्र वाहत येते ती जागा तर मुळीच नको, कारण दोन्हींतले क्षार गंज वाढवतात. पुढच्या हंगामात नांगर जोडण्याआधी प्लेटवरचे धूळ धरलेले ग्रीस पुसा आणि सगळे बोल्ट आवळा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर ते पुन्हा एकदा आवळा, कारण नवे बोल्ट बसताना थोडे सैल होतातच.