वॉटरगेटच्या आधीचा वॉल्श

अमेरिकेत एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं प्रकरण कोर्टात गेलं की आपल्याकडचे भाष्यकार थेट निक्सन यांनी राजीनामा दिला त्या 1974 सालात उडी मारतात. काँग्रेसने व्हाइट हाउसला वठणीवर आणल्याचा इतिहास त्यांच्या लेखी वॉटरगेटपासून सुरू होतो. मला हे कधीच पटलेलं नाही. घोटाळ्याने राष्ट्राध्यक्ष बदनाम होतो, क्वचित घरीही जातो. पण सत्तेचं पारडं हलतं ते त्या गदारोळातून एखादं कलम किंवा निकाल मागे उरला तरच. या कसोटीवर पहिला मान टीपॉट डोमच्या तेलघोटाळ्याचा.

वायोमिंगमधला टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातले तेलसाठे नौदलासाठी राखलेले होते. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी 1921 मध्ये ते सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याकडे सोपवले. तिथले मंत्री अल्बर्ट फॉल यांनी टेंडर न काढता एक साठा तेलव्यावसायिक हॅरी सिंक्लेअरला आणि दुसरा त्याच धंद्यातल्या एडवर्ड डोहेनीला भाड्याने देऊन टाकला. सिनेटमधली चौकशी पदरात पडली ती मोंटानाचे सिनेटर थॉमस वॉल्श यांच्या. ते अल्पमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. भाषणाची हौस नाही, विनोदाशी वैर, पण कागद वाचण्याची विलक्षण चिकाटी! जाहीर सुनावणी 1923 च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ हा माणूस खात्याच्या फायली उपसत बसला होता.

फॉलसाहेबांच्या न्यू मेक्सिकोतल्या शेतीवाडीला अचानक बरकत आली होती. कित्येक वर्षांचा थकलेला कर त्यांनी एका दमात भरला होता. पैसा कुठून आला? एका वृत्तपत्रमालक स्नेह्याने उसने दिले, असं त्यांनी सांगितलं. वॉल्श त्या स्नेह्याच्या मागे फ्लोरिडापर्यंत गेले आणि थाप उघडी पडली. मग 24 जानेवारी 1924 रोजी डोहेनीने स्वतःच कबूल केलं, की एक लाख डॉलर रोख आपणच दिले आणि ते काळ्या बॅगेतून आपल्या मुलाने पोचवले. मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन वाचनालयात मी या साक्षी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा संध्याकाळ कधी झाली ते कळलं नव्हतं. मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले फॉल हे पहिले अमेरिकी मंत्री.

तुरुंगाचं कौतुक मात्र मला कमीच. खरी कमाई बाजूच्या चौकशीत झाली. ॲटर्नी जनरल डॉगर्टी यांनी ही प्रकरणं का दडपली, याचा शोध मोंटानाचेच दुसरे सिनेटर व्हीलर घेत होते. डॉगर्टींचा बँकवाला भाऊ समन्स झुगारून ओहायोत बसून राहिला. सिनेटने आपला माणूस पाठवून त्याला ताब्यात घेतलं. खालच्या कोर्टाने त्याला सोडलं, पण 17 जानेवारी 1927 ला सुप्रीम कोर्टाने सिनेटची बाजू उचलून धरली: कायदे करायचे तर माहिती हवी, आणि माहितीसाठी साक्षीदाराला खेचून आणण्याचा अधिकार त्या कामातच अंतर्भूत आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर वायोमिंगचे, हा योगायोग मला फार आवडतो. मधल्या काळात व्हीलर यांच्यावरच खटला भरण्यात आला होता. त्यातून ते निर्दोष सुटले, आणि त्यांचे वकील होते वॉल्श.

त्याच धामधुमीत, 1924 मध्ये, आणखी दोन गोष्टी झाल्या. संशयाच्या छायेतल्या न्याय खात्याला वळसा घालून काँग्रेसने विशेष वकील नेमायला लावले. त्या वर्षीच्या करकायद्यात, कुणाचंही करविवरण मागवण्याचा अधिकार काँग्रेसच्या कर-समित्यांना मिळाला.

वॉटरगेटची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून आवरतो. युद्धाधिकारांचा ठराव 1973 मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून झाला आणि मंजूर निधी अडवण्याला बंदी 1974 मध्ये आली. दोन्ही कागदावर भक्कम होते. ट्रम्प सरकारने युक्रेनची मदत अडवून हा दुसरा कायदा मोडला, असं काँग्रेसच्याच हिशेबतपासनिसांनी जानेवारी 2020 मध्ये सांगितलं. त्यावर पान हललं नाही. रेगन काळातल्या इराण-काँट्रा शस्त्रविक्री प्रकरणात तर काँग्रेसच्या समितीने साक्षीसाठी दिलेल्या अभयामुळेच ऑलिव्हर नॉर्थ यांची शिक्षा पुढे रद्द झाली. क्लिंटन प्रकरणाने, वॉटरगेटमधूनच जन्मलेल्या स्वतंत्र वकिलाच्या कायद्याचाच वीट आणला आणि 1999 मध्ये तो संपू दिला गेला. म्हणजे घोटाळा काँग्रेसच्याच अंगाशी येऊ शकतो, हे वॉटरगेटवाले सांगत नाहीत.

आता कोर्टही आखडतं घेतंय. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या हिशेबाच्या कागदांबाबत 1927 च्या निकालाचा हवाला दिला गेला, पण कागद राष्ट्राध्यक्षाचे असतील तर जादा अटी आल्या. 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यांपासून मोठं संरक्षण मिळालं. आणि समित्यांचे सदस्य? पाच मिनिटांच्या वेळेत साडेचार मिनिटं स्वतःच बोलतात, नजर कॅमेऱ्यावर. फाइल वाचलेली नसते, हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळतं.

करविवरणांचं 1924 चं ते कलम मात्र चाललं. ट्रम्प यांची करविवरणं प्रतिनिधीगृहाच्या समितीने एप्रिल 2019 मध्ये मागितली. कोर्टकज्ज्यांत ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपली. कागद जाहीर झाले 30 डिसेंबर 2022 रोजी, आणि चार दिवसांनी सभागृहाचं बहुमत पालटलं.